जुनी पुस्तकं आहेत का हो?

जून आला की आमचं घरचं बजेट क्रॅश होतं. यंदा लेकीच्या चौथीच्या 'सेट'चे ६८०० रुपये झाले. पुस्तकं, वह्या, शाळेचं नाव छापलेली कव्हरं (!), सगळं एकाच दुकानातून. सुटं मिळणार नाही म्हणे.

आमच्या वेळी निकाल लागला की आई वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी घर गाठायची. पुस्तकं अर्ध्या किमतीत. तिथे नाही जमलं तर अप्पा बळवंत चौक. उरलेल्या कोऱ्या पानांची बाबा रफ वही शिवायचे. त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "चौथीची जुनी पुस्तकं आहेत का हो कुणाकडे?" ढिम्म शांतता. बायको म्हणाली, "नोकरी गेली वाटेल लोकांना." रात्री मात्र तिघांचे खाजगी मेसेज... "मिळाली तर मलाही सांगा. ग्रुपवर विचारायला कसंतरी वाटतं." तिघंही आयटीवाले!

२०२३ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती. एकदा त्यावर लिहिलं की पुस्तक पुढच्याला देणार कसं? २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला, बरं झालं. त्याच सप्टेंबरात वह्यांवरचा १२ टक्के जीएसटीही गेला. आपलं हे 'कसंतरी वाटणं' तेवढं अजून आहे.

असो. दप्तर जुनंच, फक्त चेन बदलली. कंपासपेटी नवी, तिथे लेकीपुढे हरलो. तिसरीची पुस्तकं टेबलावर काढून ठेवलीयत, ग्रुपवरही टाकलंय. हवी असतील त्यांनी तिथेच विचारा. खाजगीत नको.