अकराव्या तासाचे मजूर

परदेशीं जाणाऱ्या धन्यानें आपल्या तीन चाकरांवर द्रव्य सोंपविलें, हा दाखला आमच्या शाळांतून जितका ऐकूं येतो तितका दुसरा क्वचितच येत असेल. बक्षीस-समारंभास तो फार शोभतो. दोन चाकरांनीं व्यापार करून द्रव्य दुप्पट केलें, तिसऱ्यानें तें पुरून ठेविलें; मेहनत करणाऱ्यांस शाबासकी मिळाली व आळशास शासन झालें. परंतु मत्तयाच्या त्याच शुभवर्तमानांत, विसाव्या अध्यायीं, आणखी एक दाखला आहे. तो बक्षीस-समारंभांत सहसा कोणी सांगत नाहीं. तो द्राक्षमळ्यांतील मजुरांचा. शाळेनें हे दोन्ही दाखले एकत्र वाचले पाहिजेत, असें आमचें मत आहे. कारण पहिला विद्यार्थ्यास त्याचें कर्तव्य शिकवितो, तर दुसरा शाळेस तिचें.

गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. मळ्याचा धनी पहाटे बाहेर पडतो व दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर लावितो. पुढें तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासाला, म्हणजे आपल्या सुमारें नऊ, बारा व तीन वाजतां, तो बाजारांत जाऊन आणखी मजूर पाठवितो. आणि अकराव्या तासाला, सूर्यास्तास अवघा एक तास उरला असतां, राहिलेल्यांसही मळ्यांत धाडतो. संध्याकाळीं शेवटीं आलेल्यांस प्रथम बोलावितात व त्यांच्या हातावर पुरा एक दिनार पडतो. दिवसभर उन्हांत राबलेल्यांची आशा वाढते. परंतु त्यांसही तोच एक दिनार मिळतो, आणि ते कुरकुर करूं लागतात.

वर्गांत हा दाखला वाचला कीं बहुतेक मुलें कुरकुर करणाऱ्यांचा पक्ष घेतात. आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं. त्यांचा हिशेब बिनचूक आहे: बारा तासांस एक दिनार, तर एका तासास बारावा हिस्सा. पण दिनार ही काय वस्तु होती, हें येथें लक्षांत घ्यावयास हवें. त्या काळीं तो मजुराचा एका दिवसाचा रोज होता. त्यावर त्याच्या घरची भाकर अवलंबून असे. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रांत अशी आज्ञा आहे कीं, गरिबाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, कारण त्याचा जीव तीवर लागलेला असतो. जो बाप दिनाराचा बारावा हिस्सा घेऊन घरीं जातो, त्याच्या मुलांची भूक कांहीं बारावा हिस्सा नसते.

शिवाय अकराव्या तासाचे मजूर आळशी होते असें दाखला कोठेंही म्हणत नाहीं. धन्यानें रिकामे उभे राहण्याचें कारण विचारिलें, तेव्हां कोणी कामावर लाविलें नाहीं, एवढेंच ते म्हणाले. आणि बोलावणें येतांच कामावर गेले. आपल्या शहरांतील नाक्यांवर थापी, घमेलें व फावडें घेऊन सकाळपासून उभे असलेले मजूर ज्यानें पाहिले आहेत, त्यास हें उत्तर समजावून सांगावें लागत नाहीं. ठेकेदार प्रथम धडधाकट माणसें निवडतो. म्हातारे व अशक्त मागें राहतात.

मग हा दाखला सांगितला कोणास? बायबलांतील अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकांतील आहे. ती क्षणभर दूर सारून मागील मजकूर वाचला, तर उत्तर सांपडतें. सर्वस्व सोडून मागें आलेल्या शिष्यांस काय मिळणार, असें पेत्रानें विचारिलें होतें. ख्रिस्तानें मोबदल्याचें वचन दिलें, आणि लागलीच हा दाखला सांगितला. म्हणजे तो आधीं आलेल्यांस दिलेला इशारा आहे. पहाटेच्या मजुरांस प्रथम पैसे मिळाले असते तर ते संतोषानें घरीं गेले असते. त्यांचें दुःख आपल्या हातांतील नाण्यामुळें नव्हे, शेजाऱ्याच्या हातांतील नाण्यामुळें उत्पन्न झालें.

या दाखल्यानें दूरचा प्रवास केला आहे. त्यांतील धन्याच्या शब्दांवरून जॉन रस्किननें १८६२ सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांस 'अन्टु धिस लास्ट' हें नांव दिलें. १९०४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत आगगाडीच्या प्रवासांत तें पुस्तक गांधीजींच्या वाचनांत आलें. १९०८ सालीं त्यांनीं त्याचें सार गुजरातींत लिहून त्यास 'सर्वोदय' म्हटलें. तोच शब्द पुढें कोंकणांतील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनीं १९५१ पासून भूदानाच्या पदयात्रेंत खेडोपाडीं नेला. शेवटच्या माणसाचें हित तेंच सर्वांचें हित, हा विचार अशा रीतीनें द्राक्षमळ्यांतून आमच्या गांवांपर्यंत आला.

शाळेंतही अकराव्या तासाचीं मुलें येतात. कोणी ऊसतोडणीस जाणाऱ्या आईबापांबरोबर हिंडत राहिलेलें असतें, कोणास धाकट्या भावंडांसाठीं घरीं बसावें लागलेलें असतें, कोणाच्या घरीं पूर्वीं कोणीं अक्षर गिरविलेलेंच नसतें. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचें चौथें कलम सांगतें कीं, अशा मुलास त्याच्या वयास योग्य वर्गांत घ्यावें, आणि इतरांच्या बरोबरीस येण्यासाठीं त्यास विशेष शिक्षण मिळावें. हें कलम वाचतांना आम्हांस मळ्याच्या धन्याची आठवण होते.

येथें एक रास्त आक्षेप निघतो. धन्याची थैली मोठी होती. शिक्षकाचा तास मात्र मोजक्या मिनिटांचा. मागच्या बाकाजवळ तो जितका वेळ उभा राहील तितका पुढच्या बाकाचा कमी होणार. याचें उत्तर दाखल्यांतच आहे. पहाटेच्या मजुरांस ठरलेल्या दिनारांतून एक कवडीही कमी मिळाली नाहीं. हुशार विद्यार्थ्यांचा ठरलेला पाठ पुरा झालाच पाहिजे; शिक्षकानें औदार्य करावयाचें तें स्वतःच्या थैलींतून, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या घटकेंतून. तसेंच परीक्षेचे गुण म्हणजे दिनार नव्हे. गुण हें माप आहे, तें दयेनें वाढवूं नये. एका तासाचें काम बारा तासांचें म्हणून लिहिणें ही लबाडी होय, आणि धन्यानें ती केली नाहीं. दिनार म्हणजे भाकर: वर्गांतील जागा, हातांतील पुस्तक, प्रश्न विचारण्याची मुभा, आणि आदरानें उच्चारलेलें नांव. हीं मात्र सर्वांस सारखीं मिळावीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे पहिल्या बाकावर बसतां त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. तुमचे श्रम खरे आहेत व तुमचा दिनार तुमचाच आहे. धन्यानें कुरकुर करणाऱ्यासही 'मित्र' म्हणूनच हांक मारिली, आणि माझ्या औदार्याचा तुला मत्सर कां वाटतो, असें विचारिलें. त्या मजुरानें काय उत्तर दिलें हें मत्तयानें लिहून ठेविलें नाहीं. उशिरां आलेला सोबती शेजारीं येऊन बसेल, तेव्हां त्यास जागा करून द्या. तेंच उत्तर धन्यास आवडेल.