रेडर विकत मिळतो, संघ विकत मिळत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की दरवर्षी तेच सुरू होतं. यू मुंबाच्या आणि पुणेरी पलटणच्या पेजवर आपलीच पोरं लिहीत असतात, "मोठा रेडर घ्या", "दोन कोटी गेले तरी चालतील पण अमुक पाहिजेच", "याला सोडा, त्याला आणा". रत्नागिरीच्या स्टॅंडवर, चिपळूणच्या नाक्यावर, लांज्याच्या चहाच्या टपरीवर हीच चर्चा. जणू बाकीचे सहा जण फक्त लाइन पूर्ण करायला उभे असतात.

इतकी वर्षं मी गप्प होतो. पैसे त्यांचे, संघ त्यांचा, आपल्या बापाचं काय जातं? पण गेल्या रविवारी आमच्या वाडीतल्या मंडळाची मीटिंग झाली आणि हे खूळ टीव्हीतून उतरून थेट आमच्या सतरंजीवर येऊन बसलं. विषय होता यंदाच्या स्पर्धेसाठी बाहेरून रेडर आणायचा. दोन रात्रींचे ३५ हजार, वर गाडीभाडं आणि लॉजची खोली. स्पर्धेचं पहिलं बक्षीस किती? ३१ हजार. म्हणजे जिंकलो तरी तोट्यात. हा हिशेब मी मांडला तर एक भाऊ म्हणाले, "काका, तुम्ही जुन्या मातीतले. आता खेळ प्रोफेशनल झालाय."

बरं. प्रोफेशनल म्हणताय ना, मग त्या प्रोफेशनल लीगमध्येच काय घडलं ते बघू.

२०१८. यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला ३६.४० लाखांत घेतलं. पहिल्याच हंगामात पोराने चढाईचे २१८ गुण काढले, सगळी लीग हादरवली. पुढच्या वर्षी यू मुंबाने त्याला राखला नाही. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १.४५ कोटी मोजले, त्या वर्षीची सगळ्यात मोठी बोली. तेव्हा आपण सगळ्यांनी यू मुंबाला शिव्या घातल्या, मीही घातल्या. आणि निकाल? १.४५ कोटींच्या रेडरसकट टायटन्स बारा संघांत अकरावे. रेडर गमावलेली यू मुंबा उपांत्य फेरीत. सिद्धार्थ वाईट खेळला का? अजिबात नाही, त्या वर्षीही त्याने गुणांचा ढीग घातला. मागे संघच नव्हता.

दुसरं उदाहरण. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २.२६ कोटींना घेतलं. पहिल्याच सामन्यात, दहा-एक मिनिटांत गुडघा गेला. अख्खा हंगाम बाहेर. सगळे म्हणाले, संपला संघ. आणि तोच संघ, पवनशिवाय, इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनला २.६० कोटींच्या वर बोली लावून नेलं. बावीस सामन्यांत दोन विजय, तळाचा नंबर. पवन भारताचा कर्णधार म्हणून हांगचौला एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकून आलेला माणूस. त्याच्या खेळात खोट काढायची माझी लायकी नाही. खोट आहे ती आपल्या समजुतीत, की एका माणसाने सामना होतो.

तिसरं. परदीप नरवाल. पाटणा पायरेट्सला सलग तीन जेतेपदं मिळाली तेव्हा तो त्यांचा राजा. पाचव्या हंगामात एकट्याचे चढाईचे ३६९ गुण. आठव्या हंगामाआधी यूपी योद्धाने १.६५ कोटी देऊन त्याला नेला. आणि त्या हंगामात फायनलला कोण गेलं? परदीप नसलेले पाटणा. दबंग दिल्लीकडून एका गुणाने हरले, पण गेले ना! हाच परदीप २०२५ च्या लिलावात आला तेव्हा एकाही संघाने हात वर केला नाही. लीगच्या इतिहासात १८०० च्या वर चढाईचे गुण घेतलेला माणूस बोलीविना राहिला आणि थोड्याच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली. बाजार हा असा आहे, मंडळी. कालपर्यंत खांद्यावर, आज खाली.

आता कोणी म्हणेल, काका तुम्ही निवडून निवडून हरलेले सांगताय. ठीक आहे, जिंकलेला संघ घेऊ. आपलाच. पुणेरी पलटण, दहावा हंगाम. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा चषक उचलला. त्या संघाचा सगळ्यात महाग खेळाडू कोण होता? २.३५ कोटींचा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. रेडर नव्हे, बचावपटू! त्याने त्या हंगामात सगळ्यात जास्त पकडी केल्या. आणि चढाया कोण करत होतं? नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते. यातला अस्लम नवोदित म्हणून पुण्याकडे आला आणि तिथेच वाढला. चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत पुण्याचा एकही नव्हता. तरीही साखळीत पहिले, चषक पुण्याला, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम.

हे असं का होतं, ते ज्याने मातीवर कधी चढाई केलीय त्याला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. चढाई तीस सेकंदांची. रेडर पकडला गेला की तो बाहेर जाऊन बसतो. त्याला आत कोण आणतो? त्याच्याच संघाचा पुढचा गुण. म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यावरची पकड. डावा कोपरा आणि उजवा कोपरा कच्चे असतील तर तुमचा दोन कोटींचा माणूस बाकावर बसून मिनिटं मोजतो, आणि समोरचा संघ आरामात लोण चढवतो. बचाव पक्का असेल तर तोच रेडर पुन्हा पुन्हा आत येतो आणि मोकळ्या मनाने मध्यरेषा ओलांडतो. मागे भरवसा नसला की तिसऱ्या चढाईला पाय जड होतात. रेडर मोठा होतो तो मागच्या सहा जणांच्या जिवावर.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. अकराव्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, तो बाहेर गेला आणि पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. म्हणजे रेडर लागतोच की! लागतोच, कोण नाही म्हणतंय? पण पुढे काय झालं ते बघा. पुण्याने अस्लमला सोडला नाही. दुसऱ्या वर्षी तोच कर्णधार, आणि पलटण थेट फायनलमध्ये. दिल्लीकडून ३१-२८ ने, अगदी थोडक्यात गेला चषक. दुखावलेला आपला माणूस सांभाळला आणि त्याने एका वर्षात परतफेड केली. मला या पोस्टमध्ये जे म्हणायचंय ते याच गोष्टीत आहे.

आता परत आमच्या सतरंजीवर येतो.

आमच्या वाडीत एक पोरगा आहे. नाव घेत नाही. डाव्या पायाची किक अशी की समोरचा कोपरा हलायच्या आत हा मध्यरेषेवर. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाने त्याला "प्लेयर" म्हणून नेला. एका रात्रीचे चार हजार. उपांत्य सामन्यात पकडीत गुडघा फिरला, लिगामेंट गेलं. त्या मंडळाने काय दिलं? शाल, श्रीफळ आणि पाच हजारांचं पाकीट. ऑपरेशनला लाखाच्या वर गेले. आईने सोनं मोडलं, आम्ही व्हॉट्सॲपवर पैसे गोळा केले, मुंबईच्या चाकरमान्यांनी हात दिला. दुसऱ्या वर्षी त्याच मंडळाने दुसऱ्या गावचा दुसरा रेडर आणला. बॅनरवर फोटो त्याचा.

आज हा पोरगा पुन्हा धावतो. पूर्वीसारखा नाही, पण धावतो. सकाळी साडेपाचला मैदानावर असतो. त्याच्याबरोबर आठवी-नववीची सहा-सात पोरं येतात, त्यांना तो पायात घुसायला आणि साखळी धरायला शिकवतो. फुकट. त्याला नवा नी-कॅप हवा होता तर मंडळाकडे शिल्लक नव्हती. आणि बाहेरच्या रेडरसाठी ३५ हजार आहेत!

मीटिंगमध्ये मी हे बोललो तेव्हा तो पोरगा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. एक शब्द बोलला नाही. मला खरी चीड त्या शांततेची आली.

आपल्या मंडळी-मंडळींत जे मुद्दे येतात त्यांना उत्तर देतो.

"बाहेरचा आला की पोरं शिकतात." काय शिकतात? तो सामन्याआधी तासभर गाडीतून उतरतो, खेळतो, पाकीट घेतो, जातो. तो दोन दिवस आधी येऊन सकाळी पोरांना शिकवणार असेल तर मी माझ्या खिशातले दोन हजार घालतो. विचारा त्याला.

"मोठं नाव असल्याशिवाय गर्दी होत नाही." शिमग्यात पालखी नाचवायला आपण बाहेरून माणसं आणतो का? तरी अख्खा गाव लोटतो, मुंबईहून गाड्या भरून येतात. कारण खांद्यावर पालखी आपली असते. वाडीतला पोरगा चढाईला गेला की त्याची आजी सुद्धा खुर्चीवरून उठते. भाड्याच्या माणसासाठी कोण उठणार?

"प्रायोजक पैसे देतोय, आपलं काय जातं?" प्रायोजक पैसे बॅनरसाठी देतो. निवडणूक जवळ आली की देतो, संपली की फोन उचलत नाही. त्या पैशांवर संघ उभा केलात तर पुढच्या वर्षी रेडरही नाही आणि संघही नाही.

"म्हणजे खेळाडूला पैसे मिळूच नयेत का?" हा मुद्दा मात्र वजनाचा आहे. मिळायलाच पाहिजेत. २०१४ च्या आधी कबड्डीवाल्याची धाव कुठपर्यंत? पोलीस, रेल्वे, बँक, एखादी कंपनी, तेही नशिबात असलं तर. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार, १२.८० लाखांना. आज अडीच कोटींपर्यंत गेलं. गावातल्या पोराला मातीने घर बांधून दिलं याचा मला अभिमान आहे. माझं भांडण पैशाशी नाही, वाटपाशी आहे. एकाला ३५ हजार आणि बारा जणांना वडापाव, याला प्रोफेशनल म्हणत नाहीत.

प्रोफेशनल व्हायचंच असेल तर या गोष्टी करा.

एक, मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा विमा. वीस रुपयांचा सुरक्षा विमा बँकेत मिळतो, तो काढाच, पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. लिगामेंटच्या ऑपरेशनला त्याचा उपयोग नाही. म्हणून दवाखान्याचा खर्च देणारी पॉलिसी मंडळाने घ्यावी, किंवा वर्गणीतून दरवर्षी ठरावीक रक्कम दुखापतीसाठी बाजूला काढावी. दोन, बाहेरून खेळायला बोलावलेल्या पोराला आपल्या मैदानावर इजा झाली तर जबाबदारी आपली, असं कागदावर लिहून सही. तीन, मॅट. माती आपली आई आहे, मान्य, पण निवड चाचणी आणि मोठी स्पर्धा मॅटवर होते. मातीतला पोरगा तिथे पहिल्या दिवशी घसरतो आणि घरी येतो. एका मंडळाला मॅट परवडत नाही, लाखांचा खर्च आहे. पाच वाड्यांनी मिळून एक घ्यावी.

आणि यू मुंबा, पुणेरी पलटण यांना सांगायचं असेल तर हे सांगूया. रत्नागिरीचे नऊ तालुके तुमचे सामने बघतात, जर्सी घालतात. दोन कोटींच्या रेडरची भीक आम्हाला नको. त्यातल्या थोड्या पैशांत इथे वर्षातून एकदा खुली निवड चाचणी घ्या, एक प्रशिक्षक महिनाभर पाठवा. नवोदित खेळाडूंसाठी तुमच्याकडे जागा असतातच, आणि अस्लम तुम्हाला तिथूनच मिळाला. दरवर्षी १५ जुलैला बुवा साळवींच्या जन्मदिनी आपण कबड्डी दिन म्हणून हार घालतो. हाराच्या जोडीला एखादी चाचणी झाली तर बरं.

आमच्या मीटिंगचा निर्णय अजून झालेला नाही. या रविवारी संध्याकाळी सात वाजता पुन्हा बसतोय, देवळासमोर. माझा ठराव साधा आहे. बाहेरचा रेडर आणायचा नाही, ३५ हजारांचा दुखापत निधी काढायचा, आणि चढाईची पहिली पाळी आपल्या पोरांना. हरलो तर हरलो, पहिल्या फेरीत हरलो तरी चालेल.

वाडीतल्या प्रत्येकाने या. मुंबईकरांनी फोनवर या. आणि तू, जो मागच्या भिंतीला टेकून उभा होतास, तू या वेळी पुढे बस. बोललास नाहीस तरी चालेल, पण पुढे बस.