विद्यापीठाची रिकामी गादी

मोटेचा काळ होता तेव्हां मोटेवरचा गडी उतरण्यापूर्वीं दुसरा गडी कासरा धरण्यास उभा असे. पाट कोरडा पडला तर ऊंस जळेल, हें निरक्षर कुणब्यालाही कळत होतें. पण आपल्या राज्यांतील विद्यापीठें चालविणाऱ्या शहाण्या मंडळींस तेवढें कळूं नये, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें!

कुलगुरूची मुदत कायद्यानें ५ वर्षांची. म्हणजे तो गादीवर बसतो त्याच दिवशीं त्याच्या उतरण्याचा दिवस ठरलेला असतो. असें असतां पुणें विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत मे २०२२ मध्यें संपली आणि कायमचे कुलगुरु आले जून २०२३ मध्यें! मुंबईची जागा सप्टेंबर २०२२ मध्यें रिकामी झाली. तीही जून २०२३ मध्येंच भरली. मधल्या काळांत पुण्याचा भार लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंवर आणि मुंबईचा भार कोल्हापूरच्या कुलगुरूंवर होता. एका गड्यानें दोन विहिरींवर मोट हांकावी, तसा हा प्रकार. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाहीं. दोष त्यांस दोन्हीकडे जुंपणाऱ्यांचा आहे.

हा घोळ झाला कशानें? डिसेंबर २०२१ मध्यें त्या वेळच्या सरकारनें कायद्याची दुरुस्ती मंजूर करविली. शोधसमितीच्या नांवांतून सरकारनें २ निवडावीं व त्यांतील एकास राज्यपालांनीं नेमावें, असा तिचा मतलब. राज्यपालांची संमति मिळाली नाहीं. २०२२ मध्यें सरकार बदललें आणि ती दुरुस्तीच मागें घेण्यांत आली. मग शोधसमितींत विद्यापीठ अनुदान आयोगाचा माणूस हवा, हा प्रश्न निघाला. नेमणुकीचा हक्क कोणाचा, यावर मोठ्यांची झुंज चालली आणि गादी रिकामीच राहिली. रेड्यांची झुंज आणि झाडांचा काळ!

कोणी म्हणेल, कुलगुरु असला काय नि नसला काय, कुणब्या-कारागिराचें काय जातें? बांधवहो, पुष्कळ जातें. विद्यापीठांतील प्राध्यापक निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष कुलगुरु असतो. परीक्षा वेळेवर घेणें, निकाल वेळेवर लावणें, याची अखेरची जबाबदारी त्याचीच. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें पुरेशी तयारी न करतां उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाट घातला. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरांत राज्यपालांनीं कुलगुरूंस बडतर्फ केलें. निकाल लांबला तर श्रीमंताचा मुलगा वर्षभर थांबूं शकतो. ज्याच्या शिक्षणासाठीं बापानें बैल विकला किंवा आईनें डोरलें गहाण ठेवलें, त्याची नोकरीच्या अर्जाची तारीख टळली म्हणजे तो कोठें जाईल?

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट मांडलें होतें कीं, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानें आणि उच्च शिक्षणाचा लाभ उचलतात वरचे वर्ग. आज आमचीं मुलें विद्यापीठाच्या दारांत शिरलीं आहेत. अशा वेळीं आंत धनीच नसावा, ही थट्टा आहे.

सबब आमचें मागणें थोडकें आहे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीं शोध सुरू करावा. निवडलेल्याचें नांव महिनाभर अगोदर जाहीर व्हावें. जाणाऱ्यानें रिकाम्या जागा, रखडलेले निकाल व शिल्लक पैसा यांचा लेखी हिशेब येणाऱ्याच्या हातीं द्यावा आणि तो लोकांस वाचूं द्यावा. यास नवा पैसा लागत नाहीं, लाज लागते.

आणि वाचकहो, तुमचा आमदार मत मागण्यास दारीं येईल तेव्हां रस्ता नि पाणी विचाराच. पण आमच्या मुलांच्या विद्यापीठाला कुलगुरु आहे कीं नाहीं, हेंही त्याला उंबऱ्यावर उभा करून विचारा.