नऊ नंबरची जर्सी कोणासाठी राखीव?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई स्पर्धेचे दार आपल्यासाठी बंद झाले. दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या बार रूममध्ये चहाबरोबर हाच विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, "प्रशिक्षक बदला." दुसरे म्हणाले, "चाळिशी ओलांडलेल्या छेत्रीला परत बोलावलेच कशाला?" तिसऱ्यांनी तर थेट निकालच दिला, "आपल्या पोरांत ती गुणवत्ताच नाही हो!" पहिल्या दोघांशी आमचा वाद मैदानावरचा आहे. तिसऱ्यांचे वाक्य मात्र आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. शाळेत ऐकले, लॉ कॉलेजात ऐकले, सनद घेऊन कोर्टात उभे राहिलो त्या दिवशीही ऐकले. म्हणूनच आज फुटबॉलवर लिहिण्यासाठी लेखणी उचलली आहे.

आधी वस्तुस्थिती तपासू. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांशीही हरला. सहा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्या संपूर्ण वर्षात ११ सामने झाले, विजय शून्य. अकरा सामन्यांत गोल झाले फक्त चार. ते कोणी केले? एक छेत्रीने, तोही पेनल्टीवर. एक छांगटेने, जो बाजूने खेळतो. एक फारुख चौधरीने. आणि चौथा राहुल भेकेने. आपल्या मुंबईचा हा गडी बचावपटू आहे! ज्याने गोल वाचवायचे तो पुढे जाऊन गोल करतो आहे आणि ज्याने गोल करायचे तो माणूसच संघात नाही, अशी ही अवस्था आहे.

सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्याला कुवेतविरुद्ध निवृत्तीचा सामना खेळला. १५१ सामन्यांत ९४ गोल त्याच्या नावावर होते. २००५ पासून एकोणीस वर्षे या माणसाने देशाची आघाडी आपल्या खांद्यावर वाहिली. नऊ महिने गेले आणि मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्यालाच परत बोलावले. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. परंतु टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न उरतोच. एवढ्या मोठ्या देशाला चाळीस वर्षांच्या निवृत्त खेळाडूच्या दारात का जावे लागले?

छेत्रीला दोष देणारे अन्याय करतात, हे आम्ही ठासून सांगू इच्छितो. २०२४-२५ च्या आयएसएल हंगामात भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते. मग प्रशिक्षकाने दुसऱ्या कोणाला निवडायचे? दोष निवडणाऱ्याचा नाही. ज्या रांगेतून निवड करायची ती रांगच रिकामी ठेवण्यात आली आहे. ती कोणी रिकामी ठेवली, याचा तपास केला पाहिजे.

आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी खेळाडू उतरवता येत होते. २०१७-१८ पासून ही संख्या पाच झाली, २०२१-२२ पासून चार. कागदावर सुधारणा झाली. पण क्लबांनी परदेशी खेळाडू कमी केले तेव्हा कोणत्या जागेवरून केले? गोल करण्याच्या जागेवरून नक्कीच नाही. पहिल्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंत अकरा हंगाम झाले. या अकराही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूला मिळाला, भारतीयाला एकदाही नाही. २०२४-२५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दीन अजराईने २३ गोल करून विक्रम केला. त्याच्या मेहनतीला आमचा सलाम आहे. पण मधोमध उभे राहून गोल करण्याची जागा, म्हणजे नऊ नंबरची जर्सी, जवळजवळ प्रत्येक क्लबात परदेशी खेळाडूसाठी अडवून ठेवलेली असते, हे सत्य त्याने बदलत नाही.

मनवीर सिंगचे उदाहरण घ्या. उंचापुरा, दणकट, मूळचा मधला आघाडीपटू. पण मोहन बागानमध्ये तो खेळत आला उजव्या बाजूला, कारण मधली जागा कधी रॉय कृष्णाची होती, कधी जेमी मॅक्लारेनची. खुद्द छेत्रीलाही बंगळुरूत मिकू आल्यावर डावीकडे सरकावे लागले होते. जिथे छेत्रीला बाजूला सरकावे लागते तिथे विशीतल्या पोराची काय कथा? तो आठवडाभर सराव करतो, सामन्याच्या दिवशी बाकावर बसतो आणि शेवटची दहा मिनिटे मिळाली तर नशीब म्हणतो. पुढे राष्ट्रीय संघाच्या शिबिरात त्याच पोराला सांगितले जाते, "जा, देशासाठी गोल कर!"

गोल करणे ही पुस्तकी विद्या नाही. दोन बचावपटूंच्या मधून नेमक्या क्षणी कसे निसटायचे, पाठ गोलकडे असताना चेंडू कसा धरायचा, चेंडू पायाशी येण्याआधीच तो कुठे मारायचा हे कसे ठरवायचे, हे सामन्यात धक्के खाऊनच अंगी बाणते. २०२४-२५ मध्ये आयएसएलच्या प्रत्येक क्लबाने साखळीत २४ सामने खेळले. राष्ट्रीय संघाच्या वाट्याला वर्षाकाठी दहाच्या आसपास सामने येतात. शिबिराच्या चार दिवसांत कोणता प्रशिक्षक एखाद्याला गोल करायला शिकवणार?

उलट पुरावाही पाहा. क्लबांनी गोलरक्षकाची जागा भारतीयांकडे ठेवली, तर गुरप्रीत, अमरिंदर, विशाल कैथ असे गोलरक्षक तयार झाले. बाजूच्या जागा भारतीयांना मिळाल्या, तर मिझोरमचा छांगटे आणि गोव्याचा लिस्टन कुलासो तयार झाले. म्हणजे जिथे जागा दिली तिथे माणूस उभा राहिला आणि जिथे जागा नाकारली तिथे दुष्काळ पडला. वकिलीच्या भाषेत याला निर्णायक पुरावा म्हणतात. बाजू मांडू न देता दिलेला निकाल कोर्टात टिकत नाही. मग खेळू न देता "गुणवत्ता नाही" हा निकाल कसा टिकतो?

लहानपणी आमच्या वस्तीशेजारच्या मैदानावर एकच चामडी चेंडू होता आणि तो एका दुकानदाराच्या मुलाचा होता. सेंटर फॉरवर्ड कायम तोच. आम्ही मागे, किंवा गोलमध्ये, किंवा नाल्यात गेलेला चेंडू काढायला. दोन वर्षांनी तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, "गोल तर मीच करतो, तुम्हाला कुठे जमतं?" एका पावसाळ्यात तो गावी गेला आणि चेंडू ठेवून गेला. त्या महिन्यात आमच्यातल्या तिघांना गोल करता येऊ लागले! ज्याचा चेंडू त्याची जागा, हा न्याय आम्ही तेव्हाच ओळखला. आज चेंडू क्लबमालकांचा आहे, एवढाच फरक.

खेळातला हा पंक्तिप्रपंच आपल्याला नवा नाही. पळवणकर बाळूंच्या फिरकीवर हिंदू संघ सामने जिंकत होता, पण कर्णधारपदाचा विषय निघाला की ते अस्पृश्य ठरत. शेवटी १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि नेतृत्वाचे गुण कोणाच्या बापजाद्यांची मिरास नाहीत हे सिद्ध झाले. इथे मुद्दा जातीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण युक्तिवाद तोच आहे. आधी जागा द्यायची नाही आणि मग लायकी नाही म्हणायचे.

गंमत पाहा. आमच्या मुलांना शिक्षणात, नोकरीत प्रतिनिधित्व मिळाले की ज्यांना गुणवत्तेचा कळवळा येतो, त्यांना नऊ नंबरच्या या अघोषित राखीव जागेबद्दल बोलताना कधी ऐकले आहे काय?

कोणी म्हणेल, परदेशी खेळाडूंमुळे आपली पोरे शिकतात. जरूर शिकतात. अजराईला रोखता रोखता भारतीय बचावपटू तयार होतो, हे आम्हाला मान्य आहे. परदेशी माणसाचा द्वेष करणे आमच्या रक्तात नाही. परंतु बाकावर बसून पाहिल्याने आघाडीपटू तयार होत नाही. पोहणाऱ्याकडे काठावरून पाहत राहिल्याने कोणाला पोहता आले आहे?

आता डावपेचांविषयी. मार्केझ यांचा संघ चेंडू फिरवत होता, बाजूने चाल रचत होता. चेंडू गोलसमोर यायचा आणि तिथे कोणीच नसायचे. १० जून २०२५ ला हाँगकाँगमध्ये आशिक कुरुनियनने पूर्वार्धात हातातोंडाशी आलेली संधी घालवली आणि जादा वेळेतल्या पेनल्टीने आपण ०-१ हरलो. आठ सामन्यांत एक विजय, एवढीच शिल्लक ठेवून मार्केझ गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक मिळाला. ज्यांनी २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला धनाढ्यांच्या नाकावर टिच्चून आय-लीग जिंकून दिली तेच हे खालिद जमील. हाताशी नऊ नंबर नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले आणि लांब थ्रो-इनवर भिस्त ठेवली. ताजिकिस्तानविरुद्धचा २-१ विजय अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंच्या गोलांवर मिळाला. ओमानशी बरोबरी साधली ती भेकेच्या लांब थ्रोवरून, उदांता सिंगच्या गोलने, आणि मग पेनल्टींवर तिसरे स्थान मिळवले. गरिबाच्या घरात असेल त्यात भागवणारी माउली असते, तसा हा डाव. आम्ही त्याचे कौतुक करतो.

पण भागवणे म्हणजे पोट भरणे नव्हे. मडगावला १४ व्या मिनिटाला छांगटेने आघाडी मिळवून दिली होती. जिंकणे भाग होते, मैदान आपले, प्रेक्षक आपले. त्या क्षणी दुसरा गोल करणारा माणूस हवा होता. तो नव्हता. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली, उत्तरार्धात दुसरा गोल बसला आणि सारे संपले. महिनाभराने, १८ नोव्हेंबरला, ढाक्यातही ०-१. बावीस वर्षांनी बांगलादेशाने आपल्याला हरवले.

जाणकार वाचक १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा दाखला देतील. रहीमसाहेबांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवले, त्याने उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामन्यांत गोल केले आणि भारताने सुवर्ण जिंकले. दाखला खरा आहे. पण रहीमसाहेबांकडे पी. के. बॅनर्जी होते, चुनी गोस्वामी होते. जर्नेलला पुढे नेणे हा त्यांचा हुकमी डाव होता, नाइलाज नव्हता. त्याआधी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले होते आणि भारत चौथा आला होता. नेव्हिल मुंबईत टाटांच्या संघाकडून मधल्या आघाडीवरच खेळत असे. ज्या जागेवर आठवड्याला खेळला, त्याच जागेवर देशासाठी खेळला. एवढी साधी गोष्ट आहे.

आणि माणसे आजही आहेत. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादला संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. बंगालच्या रॉबी हंसदाने अखेरच्या क्षणी केरळविरुद्ध गोल केला आणि करंडक बंगालला मिळवून दिला. स्पर्धेत त्याचे १२ गोल झाले. बर्धमान जिल्ह्यातल्या गरीब आदिवासी कुटुंबातला हा मुलगा. त्याच्यासारखे किती असतील? कोल्हापूरच्या पेठांत, मिझोरमच्या डोंगरात, केरळच्या मलप्पुरममध्ये, गोव्याच्या गावागावांत. उद्या त्यांतला प्रत्येक जण छेत्री होईल असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला बारा सामने सलग मधोमध खेळवून तर पाहा! मग नाही जमले तर खुशाल नाही म्हणा.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मैदानावरचे परदेशी खेळाडू चारवरून तीन करा. ड्युरँड आणि सुपर कपसारख्या स्पर्धांत मधली आघाडी भारतीयानेच खेळावी अशी अट घाला. नियमातून पळवाट काढणारे निघतील, कागदावर आघाडीपटू लिहून प्रत्यक्षात त्याला मागे खेळवतील, हे वकील म्हणून आम्हाला पक्के ठाऊक आहे. म्हणून नुसत्या नियमावर थांबू नका. भारतीय आघाडीपटूने हंगामात किती मिनिटे खेळली आणि किती गोल केले याचा हिशेब दरवर्षी जाहीर करा आणि बक्षिसाच्या रकमेचा काही भाग त्याला जोडा. पैशाची भाषा क्लबमालकांना लवकर समजते. आणि सर्वांत आधी सामने वेळेवर भरवा. २०२५-२६ चा हंगाम कराराच्या वादात महिनोन् महिने रखडला. ज्या पोराला आधीच दहा मिनिटे मिळत होती, त्याची तीही गेली.

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक कोणीही असो, त्याला आमची विनंती एकच. हरायचेच असेल तर बावीस वर्षांच्या पोराला नव्वद मिनिटे खेळवून हरा. त्या पराभवातून काही तरी उगवेल.

बार रूममधल्या त्या तिसऱ्या सहकाऱ्यांना आम्ही हेच सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही फुटबॉलमध्येही आरक्षण आणलंत!" आम्ही म्हणालो, "आणलं नाही साहेब, तिथे आधीपासूनच आहे. कोणासाठी आहे, तेवढं तुम्ही बघितलं नव्हतं."