संशय असताना उंबरठा ओलांडावा काय?

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा ठराविक वळणाने जाते. कोणी आमिष दाखवले काय, कोणी दडपण आणले काय, यामागे राजकीय हेतू कोणता, हेच प्रश्न विचारले जातात. ते अस्थानी आहेत असे नाही. परंतु जिच्यावर कोणाचे दडपण नाही आणि जिला कसलाही लाभ व्हायचा नाही अशी एखादी व्यक्ती स्वतःच्या विचाराने एखाद्या धर्माच्या दाराशी येऊन उभी राहते आणि तेथेच थबकते, तेव्हा तिच्यापुढे जो पेच असतो त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कॅथलिक पंथाच्या बाबतीत हा पेच विशेष तीव्र होतो. उपासना मनाला भिडलेली असते, संतांची चरित्रे भावलेली असतात, पण काही सिद्धांत समजत नाहीत, तर काही पटत नाहीत. अशा स्थितीत आत पाऊल टाकणे अप्रामाणिकपणाचे, की शेवटची शंका फिटेपर्यंत बाहेर थांबणे भित्रेपणाचे?

पेच तीव्र होण्याचे कारण या पंथाच्या रचनेतच आहे. बाप्तिस्मा झालेली अन्य पंथांतील ख्रिस्ती व्यक्ती कॅथलिक होते तेव्हा तिचा पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. ती श्रद्धेचा जाहीरनामा म्हणते आणि कॅथलिक चर्च जे जे ईश्वराने प्रकट केलेले सत्य म्हणून शिकवते ते सर्व आपल्याला मान्य आहे, असे सांगते. या वाक्यातील ‘सर्व’ हा शब्द प्रामाणिक माणसाला अडवतो. १८५४ मध्ये व १९५० मध्ये मरियेविषयी घोषित झालेले सिद्धांत, १८७० मध्ये घोषित झालेली पोपची प्रमादातीतता, हे सारे त्यात येते. आवडेल ते घ्यावे आणि उरलेले ठेवून द्यावे, अशी सोय येथे नाही.

या पेचाचे इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण जॉन हेन्री न्यूमन यांचे आहे. १८०१ मध्ये जन्मलेले न्यूमन हे ऑक्सफर्डमधील ओरिएल कॉलेजचे फेलो, विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू आणि अँग्लिकन चर्चला त्याच्या प्राचीन वारशाची आठवण करून देणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीचे अग्रणी होते. १८३९ च्या उन्हाळ्यात प्राचीन चर्चमधील वादांचा अभ्यास करीत असता, आपण उभे आहोत ती भूमीच डळमळीत आहे, ही शंका त्यांच्या मनात प्रथम आली. त्यांनी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. हा केवळ मनाचा भ्रम तर नव्हे, हे त्यांना पारखून पाहायचे होते. १८४२ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर या खेड्यात राहावयास गेले. १८४३ मध्ये त्यांनी सेंट मेरीचे पद सोडले. चर्चचे नंतरचे सिद्धांत ही मूळ शिकवणीची विकृती की तिचा विकास, हा प्रश्न सोडवण्यासाठी त्यांनी एक ग्रंथ लिहावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वीच, ९ ऑक्टोबर १८४५ रोजी, मुसळधार पावसात भिजत लिटलमोरला आलेल्या डॉमिनिक बार्बेरी या इटालियन धर्मगुरूच्या हस्ते त्यांनी कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला.

पहिल्या शंकेपासून या दिवसापर्यंत सहा वर्षे गेली होती. या निर्णयाची किंमतही मोठी होती. एका बहिणीने संबंध तोडले, मित्र दुरावले, आणि १८४६ मध्ये सोडलेल्या ऑक्सफर्डमध्ये त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले ते ३२ वर्षांनी, १८७८ मध्ये. पुढे १८७९ मध्ये ते कार्डिनल झाले आणि २०१९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. परंतु १८४५ मध्ये यांतील काहीच दिसत नव्हते. दिसत होता तो केवळ तोटा.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की संशय फक्त नव्या घराच्या दारात उभा नसतो, तो जुन्या घरातही वस्तीला असतो. ‘अजून शंका आहेत, म्हणून आहे तेथेच राहतो’ असे म्हणणारा माणूस निर्णय टाळत नाही. तो एका बाजूच्या शंकांना मान देतो आणि दुसऱ्या बाजूच्या शंकांकडे डोळेझाक करतो, एवढेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १८६४ मध्ये आत्मसमर्थन करताना न्यूमन यांनी अडचण आणि संशय यांत स्पष्ट भेद केला. एखादे गणित सुटत नाही म्हणून त्याला उत्तरच नाही, असे कोणी मानत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या सिद्धांताची उकल होत नाही याचा अर्थ तो खोटा वाटतो, असा होत नाही. १८७० च्या ग्रंथात त्यांनी असेही दाखवले की माणसाची खात्री बहुधा एका निर्णायक पुराव्यावर उभी नसते. स्वतंत्रपणे अपुरी असलेली अनेक कारणे एकाच दिशेला बोट दाखवू लागली की ती होते. विवाह, मैत्री, व्यवसाय यांबाबतचे मोठे निर्णय माणसे याच रीतीने घेतात.

मात्र या भेदाचा गैरवापर होऊ शकतो. प्रत्येक नकाराला ‘अडचण’ हे सौम्य नाव देऊन आत शिरता येते. त्याची कसोटी १८७० मध्येच लागली. पोपच्या प्रमादातीततेची घोषणा या वेळी करणे अनुचित आहे, असे न्यूमन यांचे मत होते. ते मत लपूनही राहिले नाही. परंतु सिद्धांत स्वतः त्यांना अमान्य नव्हता. म्युनिकचे विख्यात चर्च-इतिहासकार डोलिंगर यांचा अभ्यास मात्र त्यांना उलट निष्कर्षाला घेऊन गेला होता. त्यांनी तो सिद्धांत मान्य करण्यास नकार दिला आणि १८७१ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. दोघांच्या मनात प्रश्न होते. एकाच्या प्रश्नाला उत्तर मिळायचे होते, दुसऱ्याला उत्तर मिळालेले होते आणि ते ‘नाही’ असे होते. उंबरठ्यावरील माणसाने आपले मन तपासावे ते नेमके याच जागी.

ज्यांनी असे मन तपासले आणि आत न जाण्याचे ठरवले त्यांनाही कमी लेखण्याचे कारण नाही. फ्रेंच विचारवंत सिमॉन वेल या १९०९ मध्ये पॅरिसमधील एका ज्यू कुटुंबात जन्मल्या. १९३८ च्या ईस्टरमध्ये सोलेम येथील मठातील उपासनेने त्यांना आतून हलवले. १९४१ मध्ये मार्सेल येथे फादर पेरां या डोमिनिकन धर्मगुरूंशी त्यांचा परिचय झाला आणि बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर त्यांनी फादरांना दीर्घ पत्रे लिहिली. ख्रिस्तावरील त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नव्हती. परंतु ग्रीस आणि भारत यांच्या परंपरांत त्यांना जे सत्य दिसले होते, गीता मुळातून वाचण्यासाठी संस्कृत शिकून त्यांनी जे मिळवले होते, ते चर्चच्या भिंतीबाहेर राहते, असे त्यांना वाटे. वेगळ्या मताच्या माणसाला शापवाणीने बाहेर काढण्याची परंपराही त्यांना मान्य नव्हती. त्या उपासनेला जात राहिल्या, परंतु कोणा धर्मगुरूकडून विधिपूर्वक चर्चमध्ये आल्या नाहीत. १९४३ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. फादर पेरां यांनी त्यांना घाई केली नाही आणि त्यांनीही फादरांना खोटा होकार दिला नाही. दोघांचाही यात मोठेपणा आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कॅथलिक नव्हे, तर अँग्लिकन चर्चमध्ये. परंतु तेथील भगिनींचा संघ न्यूमन यांच्याच ऑक्सफर्ड चळवळीच्या संस्कारातून उभा राहिला होता, आणि धर्मसत्तेच्या आज्ञापालनाला तेथे मोठे महत्त्व होते. ख्रिस्त स्वीकारूनही रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड प्रयासाने दूर केल्यावर दुसरे मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. तरीही त्या अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या आणि बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. प्रश्न विचारीत राहणे आणि निष्ठा राखणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. त्याचबरोबर अधिकाराचा प्रश्न आत गेल्यावर आपोआप सुटत नाही, हेही त्यांच्या अनुभवाने सिद्ध केले. कॅथलिक होऊ पाहणाऱ्याने हा प्रश्न बाहेर असतानाच स्वतःला विचारलेला बरा, कारण तेथे धर्मसत्तेचे स्थान अधिक पक्के आहे.

यासाठी वेळ हवा. तो देण्याची तरतूद आज त्या चर्चच्याच नियमांत आहे. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले आणि १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन मराठी व कोकणी समाज विसरलेला नाही, आणि तसा तो विसरूही नये. परंतु श्रद्धेचा होकार मुक्तच असला पाहिजे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. बाप्तिस्मा न झालेल्या प्रौढांसाठी १९७२ मध्ये जो विधी तयार झाला त्यात चौकशी, शिक्षण आणि ईस्टरपूर्वीची तयारी असे टप्पे आहेत. गरज पडल्यास त्यासाठी काही वर्षेही लागू शकतात. या काळात मृत्यू आला तर त्या दीक्षार्थीला चर्चचा अंत्यविधी मिळतो. म्हणजे थांबलेला माणूस परका मानला जात नाही.

तरीही घाई होते, आणि आपल्याकडे ती बहुधा लग्नाच्या तारखेमुळे होते. वास्तविक बिशपची विशेष अनुमती घेऊन कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करता येतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग तर दोघांनाही धर्म न बदलता मोकळा आहे. तेव्हा निमंत्रणपत्रिका छापून झाल्या म्हणून श्रद्धेचा जाहीरनामा म्हणणे, हा त्या श्रद्धेचाही अपमान आहे आणि स्वतःचाही. सासरच्या आग्रहाने दिलेला होकार जितका पोकळ, तितकाच माहेरच्या धाकाने दिलेला नकारही पोकळ.

सारांश, प्रत्येक शंका फिटण्याची वाट पाहणाऱ्याला ही वाट आयुष्यभर पाहावी लागेल. कोणत्याही धर्मात जन्मलेल्या माणसालाही ती सवलत मिळालेली नसते. न सुटलेले प्रश्न घेऊन आत जाणे अप्रामाणिक नाही. जे आपण विचारान्ती नाकारले आहे त्याला तोंडाने हो म्हणणे मात्र अप्रामाणिक आहे. या दोहोंतील फरक दुसऱ्या कोणाला, अगदी धर्मगुरूलाही, बाहेरून ओळखता येत नाही. तो ज्याचा त्यानेच ओळखावा आणि ओळखल्यावर स्पष्ट सांगावा. कुटुंबाने, धर्मगुरूंनी आणि समाजाने करावयाचे ते इतकेच की त्याला त्यासाठी अवधी द्यावा आणि त्याचा जो निर्णय होईल तो त्याचाच आहे, हे मान्य करावे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती १९५६ मध्ये नागपूरला. त्यांच्या विचारांची दिशा वेगळी होती, परंतु धर्म बदलणे हे एकवीस वर्षे विचार करण्याजोगे काम आहे, हा धडा त्यांनी याच भूमीवर घालून दिलेला आहे.