पन्नास डॉलरचा पाहुणा

परवा एडिसनहून भाऊजींचा फोन आला. त्यांच्याकडे यंदा एक जर्मन मुलगा राहतोय, अकरावीतला, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. जाऊबाईंनी त्याला थालीपिठाची सवय लावलीये. बोलता बोलता भाऊजी म्हणाले, "वहिनी, ह्याचे मला टॅक्समध्ये महिन्याला पन्नास डॉलर वजा करता येतात, माहितीये?" आणि स्वतःच खो खो हसले.

का हसले ते वाचल्यावर कळलं. अमेरिकेत ही सवलत 1960 साली आली. मान्यताप्राप्त संस्थेशी लेखी करार हवा, विद्यार्थी फार तर बारावीचा हवा आणि तुम्ही त्याचे पैसे घेतलेले नसावेत. मग त्याच्यावरचा महिन्याला 50 डॉलरपर्यंतचा खर्च दान धरतात. तेव्हा 50, आजही 50! आणि ते हातात पडत नाहीत, उत्पन्नातून वजा होतात. दहा महिन्यांचे 500, म्हणजे 22 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर वाचला 110 डॉलर. तोही सरसकट वजावट सोडून एकेक खर्च दाखवला तर. 2018 पासून सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली, त्यामुळे बहुतेक लोक त्या भानगडीत पडतच नाहीत. भाऊजीही नाहीत.

तरी मला हेवा वाटला. आपल्याकडे तेवढंही नाही. जुन्या करपद्धतीतल्या 80जी मध्ये दान म्हणजे फक्त पैसे, वस्तू चालत नाहीत. नव्या पद्धतीत तर 80जी च नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या उलव्याच्या टू बीएचकेमध्ये ब्राझीलची एक मुलगी तीन महिने राहून गेली. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत सरकारला कळवावं लागतं, ते कळवलं. म्हणजे ती आमच्याकडे जेवतेय हे सरकारला ठाऊक होतं! यांनी एखाद्या संस्थेला पाच हजारांचा चेक दिला असता तर पावती मिळाली असती. मी तीन महिने साडेपाचला उठून डबा केला, तिला खारकोपर स्टेशनला सोडलं, त्याची पावती कुठेच नाही. (सूट मिळाली असती तरी गेली असती यांच्याच रिटर्नमध्ये. असो.)

सासूबाईंचं म्हणणं, पाहुण्याच्या ताटाचा कसला हिशोब? पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, कुणी सूट मागितली? नाही मागितली. पण ते वारही बहुधा जात बघूनच मिळायचे. आणि कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग चालवलं, तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. पाहुणचार फुकट कधीच नव्हता. तो कुणाच्या अंगावर पडतो एवढंच कुणी लिहून ठेवत नव्हतं.

अमेरिकेच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. विद्यार्थी परदेशीच हवा असं नाही, देशातलाही चालतो. आता विमानतळ दारात आलाय, उलव्यात परदेशी मुलं येतीलही. मला काळजी वेगळ्याच मुलीची आहे. यांच्या ओळखीतल्या मोखाड्याच्या एका गृहस्थांनी यंदा विचारलं होतं, मुलगी अकरावीला तुमच्याकडे ठेवाल का? फ्लॅटचा हप्ता, माझे गुडघे, सगळं मोजून आम्ही नाही म्हटलं. सूट असती तर हो म्हटलं असतं? छातीठोकपणे नाही सांगता येत. पण "परवडत नाही" हे कारण तरी खोटं ठरलं असतं.

आकडाही सरकारकडेच आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यात वर्षाला 60,000 रुपये धरलेत, महिन्याला 5,000. तेवढीच वजावट द्या, नव्या करपद्धतीतही द्या, आणि महागाईबरोबर वाढवत न्या. पासष्ट वर्षं एकाच आकड्यावर बसू नका.

सासूबाई हे वाचणार आहेतच. आई, त्या ब्राझीलच्या मुलीला रोज एक पोळी जास्त तुम्हीच वाढत होतात, तीही मी हिशोबात धरलीये.