‘पॅकेज किती?’ झालं, पुढचं कधी विचारणार?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न फिरतो, ‘पॅकेज किती?’ साडेतीन, चार, क्वचित कुणाला सात. आकडा कळला की पेढे. ऑफर लेटरची पुढची पानं वाचायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही. वाचली तरी त्यावर कंपनीशी बोलता येतं, हे कुणी सांगितलेलं नसतं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे पाच रुपये न सोडणारी आईही म्हणते, ‘मिळतेय ना नोकरी, गप सही कर.’

फेब्रुवारी २०२३ आठवून बघा. विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना मेल पाठवला, साडेतीन लाखांवर लगेच काम सुरू करायला तयार आहात का? ही मुलं कंपनीचं ट्रेनिंग पूर्ण करून महिनोन्महिने जॉइनिंगची वाट बघत होती. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं जाहीर विरोध केला. पण बहुतेकांनी कमी पगार स्वीकारला. का नाही स्वीकारणार? नाही म्हटलं तर दुसरं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

वाटाघाटींचं सगळं शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरतं. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये ‘गेटिंग टू यस’ लिहिलं, त्यातली गाजलेली कल्पना हीच. बोलणं फिसकटलं तर तुमच्या हातात जो सगळ्यात चांगला पर्याय उरतो, तीच तुमची ताकद. गोड बोलणं, आत्मविश्वास वगैरे नंतर.

आता आपल्या कॉलेजांचा नियम बघा. अनेक ठिकाणी ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’. एकदा सिलेक्ट झालात की पुढच्या कंपनीला बसायचं नाही. हेतू चांगला आहे, जास्त मुलांना नोकरी मिळावी. पण त्यात मुलाच्या हातातला दुसरा पर्याय कॉलेज स्वतःच काढून घेतं, आणि मग ‘सॉफ्ट स्किल्स’च्या तासाला त्याला निगोसिएशन शिकवतं! कंपनी जॉइनिंग लांबवत असेल तर त्या विद्यार्थ्याला पुन्हा बसू द्या, एवढी मागणी तरी टीपीओ सरांकडे सगळ्यांनी मिळून करायला हवी. एकट्यानं मागितलं तर ‘नखरे’, साठ जणांनी मागितलं तर विषय मीटिंगमध्ये येतो.

मोठ्या कंपन्यांच्या मास हायरिंगमध्ये आकडा ठरलेलाच असतो, तिथे भाव करून उपयोग नाही. पण आकड्याच्या आत बरंच काही असतं. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज घ्या. महिन्याला ३० हजार, असं आपण घरी सांगतो. त्यात १० टक्के व्हेरिएबल असेल तर ३ हजार आधीच बाजूला, ते कधी आणि किती मिळतील ते कंपनी ठरवणार. बेसिक १५ हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सातशेच्या वर, तेही त्याच ३० हजारांत. मग तुमचा पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००. खात्यात येतात साडेबावीस हजारांच्या आसपास. त्यातून हिंजवडीत कॉट बेसिसवर राहायचं आणि डबा लावायचा. म्हणून विचारायचा प्रश्न ‘पगार वाढवाल का?’ हा नसून ‘फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, आणि गेल्या वर्षी फ्रेशर्सना व्हेरिएबल प्रत्यक्षात किती मिळालं?’ हा आहे. एचआरला असा प्रश्न नवा नसतो, आपल्यालाच तो विचारायची भीती वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांच्यानुसार नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. बेसिक कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची युक्तीही आता चालत नाही, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. नोकरी सोडल्यावर वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. ‘लेखी द्या’ म्हणताना आता कायद्याचा आधार आहे.

बाँडचं मात्र उलट. ‘कोर्टात टिकत नाही रे’ असं सिनिअर बिनधास्त सांगतात. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची किमान सेवा आणि आधी सोडल्यास दोन लाख, ही अट वैध ठरवली. प्रकरण सरकारी बँकेतल्या अधिकारी पदाचं होतं, त्यामुळे प्रत्येक खासगी बाँड तसाच टिकेल असं नाही. पण सही करून मग बघू, हेही धोक्याचंच. दोन वर्षांचं एक वर्ष होईल का, रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल का, हे सहीच्या आधी विचारा. छोट्या कंपन्या ऐकतातही.

मुलींसाठी हे गणित आणखी अवघड. लिंडा बॅबकॉक या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी कार्नेगी मेलनच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा पहिल्या ऑफरवर जास्त पगार मागणारे मुलगे ५७ टक्के होते, मुली ७ टक्के. ‘मुलींनी मागायला शिकावं’ असा सल्ला त्यातून निघाला. पुढे २००७ मध्ये त्यांच्याच सहभागानं झालेल्या संशोधनात दिसलं, की मागणाऱ्या बाईबद्दल समोरच्याचं मत पुरुषापेक्षा जास्त बिघडतं. म्हणजे गप्प बसणाऱ्या मुली उगाच घाबरत नव्हत्या, त्यांचा अंदाज बरोबर होता. त्यामुळे ‘बिनधास्त माग गं’ म्हणणाऱ्या मित्रांनो, आधी तुमच्या ऑफर लेटरमधला पगाराचा तक्ता वर्गातल्या मैत्रिणींना दाखवा. त्याच कंपनीत त्याच कामाला किती देतात हे तिला ठाऊक असेल, तर तिच्या मागणीला ‘हट्ट’ म्हणणं एचआरला जरा जड जाईल.